गास्पाचो जरूर करा, पण बीपीची गोळी चालू ठेवा

उन्हाळा सुरू झाला की मोबाइलवर थंडगार पेयांच्या आणि सुपांच्या चित्रफिती फिरू लागतात. गेली काही वर्षे त्यात एक स्पॅनिश नाव वारंवार दिसते, गास्पाचो. काही जण ते गाझपाचो असे लिहितात. कच्चे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर एकत्र वाटून थंड केलेले हे सूप. ते शिजवायचे नसते, गॅसही पेटवावा लागत नाही. चवीला आंबट, किंचित तिखट आणि ताजे.

पदार्थ चांगला आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्याबरोबर येणाऱ्या दाव्यांबद्दल. 'रोज एक ग्लास प्या, बीपी खाली येईल', 'रक्त शुद्ध होईल', 'पंधरा दिवसांत वजन उतरेल' असे संदेश वाचून रुग्ण विचारतात, "डॉक्टर, हे सुरू केले तर गोळी कमी करता येईल का?" काही जण विचारतही नाहीत, परस्पर गोळी बंद करतात. म्हणून या लेखात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हे सूप मुळात काय आहे, घरी नीट कसे करायचे आणि कोणी ते जपून घ्यायचे. माझे मत आधीच सांगतो. गास्पाचो हा जेवणातला पदार्थ आहे. तो जेवणासारखा केला आणि जेवणाबरोबर घेतला तर फायद्याचा. औषध समजून घेतला तर नुकसान होऊ शकते.

हे सूप आले कुठून?

गास्पाचो दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांताचा. सेव्हिया आणि कोर्दोबा ही तिथली मोठी शहरे. उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. शेतावर दिवसभर राबणाऱ्या मजुरांचे हे खाणे होते. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि पाणी एवढ्यावरच ते होत असे. आपल्या काठवटीसारख्या लाकडी भांड्यात हे सगळे कुटून, पाणी घालून सरसरीत करायचे आणि खायचे.

त्यात टोमॅटो नव्हता, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. टोमॅटो आणि ढोबळी मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती स्पेनमध्ये पोहोचली आणि या सुपात तर त्याहूनही बऱ्याच उशिरा शिरली. १७४७ साली छापलेल्या हुआन दे ला माता यांच्या पाकपुस्तकात गास्पाचोची कृती आहे, पण तिच्यात टोमॅटो नाही. त्या जुन्या वळणाचे एक सूप मालागा भागात आजही करतात. त्याचे नाव आखोब्लांको. बदाम, लसूण, पाव, तेल आणि व्हिनेगर वाटून केलेले हे पांढरे सूप वर द्राक्षे घालून देतात. कोर्दोबात टोमॅटो आणि पाव यांचे दाटसर साल्मोरेखो करतात आणि वरून उकडलेले अंडे व हॅमचे तुकडे पेरतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी लागतात. पाण्याबरोबर मीठ, पावातून पिष्ट आणि तेलातून भरपूर ऊर्जा, अशी ही सोय होती. म्हणजे ज्या दोन गोष्टी आपण 'हेल्दी' करण्याच्या नावाखाली आधी काढून टाकतो, त्या पाव आणि तेलावरच हे सूप उभे आहे. त्या काढल्या की उरतो तो भाज्यांचा रस. तो प्यायल्यावर तासाभरात भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

बीपीबद्दल अभ्यास काय सांगतो?

या दाव्यांच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. स्पेनमध्ये 'प्रेडिमेड' नावाची मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ५५ ते ८० वयाच्या ७,४४७ व्यक्ती तिच्यात होत्या. एका गटाला भूमध्य सागरी पद्धतीचा आहार आणि भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, दुसऱ्या गटाला तोच आहार आणि सुकामेवा, तर तिसऱ्या गटाला कमी तेलातुपाचा सल्ला देण्यात आला. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी आढळले. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे गट पाडण्याच्या पद्धतीत त्रुटी आढळल्या, म्हणून तो शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये फेरविश्लेषणासह पुन्हा छापला गेला. मुख्य निष्कर्ष जवळपास तोच राहिला.

याच चाचणीतल्या लोकांच्या नोंदी वापरून आणखी एक पाहणी झाली. जे लोक गास्पाचो जास्त खात होते त्यांच्यात रक्तदाब थोडा कमी आढळला. संदेशांत फिरते ती हीच गोष्ट, पण अर्धीच.

उरलेला अर्धा भाग असा. ही पाहणी एका वेळची होती. कोण किती गास्पाचो खातो आणि त्याचा रक्तदाब किती आहे, एवढेच तिच्यात पाहिले होते. अशा पाहणीतून दोन गोष्टी सोबत आढळतात हे कळते, एकीमुळे दुसरी घडली हे ठरत नाही. जो माणूस घरी भाज्या आणून गास्पाचो करतो तो कदाचित तयार, खारट पदार्थ कमी खात असेल, जास्त चालत असेल. शिवाय रक्तदाबातला फरकही लहान होता. आणि मूळ चाचणीतले अनेक जण बीपीची आणि कोलेस्टेरॉलची औषधे आधीपासूनच घेत होते. औषधे सोडून सूप प्यायले तर काय होते, हे कोणी तपासलेलेच नाही.

वरचा रक्तदाब १६० असलेल्या माणसाने एका सुपाच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे छत्री फेकून हातरुमाल डोक्यावर धरण्यासारखे आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही. त्यामुळे गोळी सोडल्यावर 'काही त्रास नाही, म्हणजे सूप लागू पडले' असे वाटत राहते. कधीकधी पहिला त्रास थेट पक्षाघाताचाच होतो.

घरी करण्याची पद्धत

चार जणांसाठी हे प्रमाण घ्या.

पूर्ण पिकलेले लाल टोमॅटो १ किलो
लहान काकडी १
लहान हिरवी ढोबळी मिरची १
लसणाच्या १ ते २ लहान पाकळ्या
शिळा साधा पाव सुमारे ५० ग्रॅम
एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे, म्हणजे ६० मिली
व्हिनेगर २ मोठे चमचे
मीठ अर्धा लहान चमचा
लागेल तसे थंड पाणी

१. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. चिरण्याआधी धुवा, नंतर नको. काकडीचे टोक चाखून पाहा. कडू लागली तर ती काकडी वापरू नका.

२. पावाचे तुकडे करून थोडे पाणी आणि व्हिनेगर यांत दहा मिनिटे भिजवा.

३. टोमॅटो, काकडी, बिया काढलेली ढोबळी मिरची आणि लसूण मिक्सरमध्ये बारीक करा. भिजलेला पाव आणि मीठ घालून पुन्हा फिरवा.

४. तेल सर्वांत शेवटी घाला. मिक्सर कमी वेगावर ठेवून बारीक धारेने तेल सोडा. लाल रंग हळूहळू केशरी होईल आणि सूप मिळून येईल. तेल घातल्यावर जास्त वेळ, जोरात फिरवू नका. काही वेळा त्याने कडवटपणा येतो.

५. चव पाहून पाणी घाला. झाकून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. देताना वरून काकडी, कांदा, ढोबळी मिरची आणि उकडलेले अंडे यांचे बारीक तुकडे घाला. स्पेनमध्ये हे तुकडे वेगळ्या वाट्यांतून देण्याची पद्धत आहे.

गाळायचे की नाही? तिथे अनेक घरांत आणि हॉटेलांत गाळतात, सूप मऊ लागते म्हणून. माझा सल्ला, गाळू नका. साली आणि चोथा म्हणजेच तंतू. पोट साफ होण्यासाठी आणि साखर सावकाश वाढण्यासाठी ते हवेत. साली तोंडात येतात असे वाटले तर मिक्सर आणखी मिनिटभर फिरवा.

तेल कमी करायचे का? अगदी वगळू नका. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन चरबीत विरघळते. सोबत तेल असले की शरीरात ते जास्त शोषले जाते. मात्र तेल मोजून घाला. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात आणि वरच्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला एक चमचा येतो. सबंध वाडगा दोनशेच्या आसपास कॅलरींचा होतो. वजन कमी करायचे असेल तर हे जेवणात धरा, जेवणाव्यतिरिक्त नको.

ऑलिव्ह तेल घेताना बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलेले पाहा. 'पोमेस' लिहिलेले तेल वेगळे. फळांतले तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून ते रसायन वापरून काढतात आणि शुद्ध करतात. तळणीला ते चालेल, पण या सुपाला ती चव येणार नाही आणि ज्या घटकांसाठी आपण महाग तेल घेतो ते त्यात फारच कमी उरतात. महाग तेल परवडत नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. टोमॅटो-काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीरही तुम्हाला कच्ची भाजी, तंतू आणि चांगली चरबी देतेच. गास्पाचो आवडीने करायचा पदार्थ आहे. तो केला नाही म्हणून आरोग्याचे काही अडत नाही.

मिठाकडे लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एका सपाट लहान चमच्यापेक्षा कमी. थंड पदार्थात मीठ कमी जाणवते, म्हणून हात सैल सुटतो. मीठ वाढवण्याआधी व्हिनेगरचे दोन थेंब वाढवून पाहा. परदेशात राहणाऱ्या वाचकांना हे सूप तयार खोक्यात मिळते. घेण्याआधी १०० मिलिमागे मीठ किती आणि तेल कोणते, हे वाचा.

न शिजवलेला पदार्थ आहे, हे विसरू नका

आपल्याकडे मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. सूप म्हटले की ते उकळलेले असते, असे आपण गृहीत धरतो. इथे उकळी नाही. भाजीवरचे, पाण्यातले किंवा मिक्सरच्या भांड्यातले जंतू जसेच्या तसे वाडग्यात येतात. टायफॉइड, कावीळ, जुलाब हे आजार अशाच वाटेने पसरतात. व्हिनेगर घातले की जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. एवढ्याशा व्हिनेगरवर भरवसा ठेवू नका.

म्हणून पाणी आणि बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचाच वापरा. बाहेरून आणलेला बर्फ नको. मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती काढून धुवा. जुना वाटलेला मसाला तिच्यातच अडकून राहतो. सूप बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कडक उन्हाळ्यात तर एक तासही पुरे. फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. वीज बराच वेळ गेली असेल तर सरळ टाकून द्या. आंबट वास आला की कळेल, असे म्हणू नका. हे सूप मुळातच आंबट असते.

लसूण सोलून तेलात बुडवून ठेवण्याची काहींना सवय असते. असा लसूण बाहेर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात बॉट्युलिझम नावाच्या घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात. लसूण लागेल तेव्हा सोला.

हे कोणी घेऊ नये किंवा विचारून घ्यावे?

मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेले: टोमॅटोत पोटॅशियम बरेच असते. वरच्या प्रमाणातल्या एका वाडग्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम येते. निरोगी मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि रक्तात वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. डायलिसिसवरील रुग्णांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊच नये.

काही विशिष्ट औषधे घेणारे: रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनी पोटॅशियम वाढू शकते. मूत्रपिंडे चांगली असतील तर अधूनमधून एका वाडग्याने बिघडत नाही. पण रोज मोठा ग्लास सुरू करणार असाल तर आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी झालेली असावी. आणि 'लो सोडियम' मीठ वापरून हे सूप करू नका. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते, म्हणजे दोन्हीकडून भर.

मधुमेही: घेऊ शकतात. पाव धरून एका वाडग्यात कर्बोदके १५ ते २० ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणून त्या जेवणात एक पोळी कमी करा. साखर, मध किंवा गोड फळे घालू नका.

आम्लपित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास असलेले: टोमॅटो, व्हिनेगर आणि कच्चा लसूण या तिन्हींनी त्रास वाढू शकतो. रात्री उशिरा घेऊ नका. लसूण वगळा, थोड्यापासून सुरुवात करा, सोसत नसेल तर सोडून द्या.

गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिअॅक आजार असलेले: पाव वगळा. दाटपणासाठी बदाम घालता येतील.

गरोदर स्त्रिया, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले: कच्च्या पदार्थांतल्या जंतूंचा धोका तुम्हाला जास्त असतो. बाहेरचे गास्पाचो टाळा आणि घरचे घेण्याआधीही आपल्या डॉक्टरांना विचारा.

मुतखडा झालेले: 'टोमॅटोच्या बिया खाल्ल्या की खडा होतो' ही समजूत घरोघरी आहे. नेहमी आढळणारे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि टोमॅटोत ऑक्झलेट फार कमी असते. तेव्हा या भीतीने टोमॅटो सोडण्याची गरज नाही. पाणी भरपूर प्या आणि मीठ आवरा, त्याचा उपयोग जास्त होतो.

आणखी एक सूचना. जुलाब-उलट्या होत असतील तर 'पाणी आणि मीठ आहेच' म्हणून हे सूप देऊ नका, विशेषतः लहान मुलांना. तिथे ओआरएसच लागते. त्यात साखर आणि मिठाचे प्रमाण ठरलेले असते आणि त्या प्रमाणामुळेच आतडे पाणी शोषून घेते. तसेच उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापलेले असले किंवा शुद्ध हरपली तर काहीही पाजत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णालयात न्या.

मग जेवणात कसे बसवायचे?

एका वाडग्यात प्रथिने जेमतेम चार ग्रॅम असतात. त्यामुळे नुसत्या सुपावर जेवण भागवू नका. सोबत उकडलेले अंडे, मोड आलेली कडधान्ये, पनीर किंवा दही घ्या. वृद्धांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे. 'हलके खायचे' म्हणून रात्री नुसते सूप घेणाऱ्या आजी-आजोबांचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि मग तोल जाऊन पडणे सुरू होते.

आठवड्यातून दोन-तीनदा, टोमॅटो स्वस्त आणि लालबुंद असतील तेव्हा, भजी किंवा वेफर्सच्या जागी हे सूप आले तर मला आनंदच होईल. त्याने जेवणात भाज्या वाढतील, तळलेले कमी होईल. काही महिने आहार सुधारला, मीठ कमी झाले, वजन उतरले, चालणे वाढले, तर बीपीची गोळी खरोखर कमी होऊ शकते. असे रुग्ण मी पाहतो. पण ती कमी करायची ती घरी नोंदवलेले रक्तदाबाचे आकडे समोर ठेवून आणि डॉक्टरांशी बोलून.

तेव्हा या रविवारी गास्पाचो करून पाहा. आणि पुढच्या तपासणीला येताना रक्तदाबाच्या नोंदींची वही घेऊन या. गोळीचे काय करायचे ते आपण त्या वहीवरून ठरवू.